आठाला उठणारा मुकादम

लढाईच्या दिवसांत मी भाईंदरच्या एका मिठागरावर कारकून होतो. तिथला मुकादम पूर्वी उत्तनला चर्चच्या सणात बॉक्सिंग खेळायचा. जिंकला किती वेळा, ते त्याला कधी आठवायचं नाही. पडून उठला किती वेळा, ते मात्र तोंडपाठ. नुसतं सांगितलं असतं तर चाललं असतं, पण हा गृहस्थ करून दाखवायचा. सदरा खुंटीला अडकवून कचेरीच्या फरशीवर आडवा व्हायचा आणि मला मोठ्यानं मोजायला लावायचा. दहाच्या आत उठला नाही तो हरला, असा त्या खेळाचा कायदा. हा बरोबर आठाला उठायचा, गुडघे झटकायचा आणि माझ्या टेबलाजवळच्या माठातलं पाणी मागायचा. "बॉक्सरला आधी पाणी लागतं, मास्तर!" ठोसा चुकवताही येतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

एकदा भर उन्हात मिठाची टोपली नेणारी नवघरची एक बाई बांधावर कोसळली. मी धावत गेलो. मुकादम तिच्या डोक्याशी उभा राहून बोट नाचवत मोजत होता, "एक... दोन... तीन..."

"पानी हाय का?" तिनं विचारलं.

"चार," तो म्हणाला.

ती सहाला उठली. सांडलेलं मीठ ओंजळीनं टोपलीत भरून चालू लागली.

"बघितलंत? माझ्यापेक्षा दोन आधी!" तो खूश होऊन म्हणाला.

माठ माझ्याच टेबलाजवळ होता. मीही सहापर्यंत ऐकत उभा राहिलो होतो.