अंगठ्याची चाल

ज्या वर्षी माझा आवाज गेला, त्या वर्षी मी देवळात जाणं बंद केलं. घरात मी कारणं सांगायचे. गुडघे दुखतात, पपईची तोड चालू आहे, पाहुणे येणार आहेत. खरं कारण एवढंच होतं की माझ्याजवळ देवाला द्यायला दुसरं काही नव्हतं. नंदुरबारजवळच्या आमच्या कोरीटला दर गुरुवारी बायकांचं भजन असतं. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून त्या भजनाची सुरुवात मी करायचे. पेटीही मीच धरायचे, पण पेटी नावापुरती. सगळा भार गळ्यावर. मग त्याच गळ्यात गाठ आली. सुरतेला ऑपरेशन झालं. गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली आहे, हे डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं होतं. त्यांचा काही दोष नाही. गाठ निघाली, मी वाचले, आणि आवाजाच्या जागी एक खरखर उरली. पाचोळ्यातून ढोर चालावं तशी.

पेटी तरी वाजव, असं सगळ्यांनी सुचवलं. मी बसूनही पाहिलं. पण पेटीवर बोटं ठेवली की सवयीने तोंड उघडायचं आणि ती खरखर बाहेर यायची. माझी मीच दचकायचे. आमचे मालक फार बोलणारे नाहीत. एका गुरुवारी ते एवढंच म्हणाले, "तू नुसती जाईसन बठ ना देवना म्होरे."

"आन् काय करू तठे बठीसन?" मी विचारलं. देवाने घ्यायचंच होतं तर नेमकं हेच का घेतलं, हा प्रश्न मी स्वयंपाक करताना, मिरचीचे देठ खुडताना, सारखा उलटापालटा करत राहायचे.

त्याच वर्षी पावसाळा सरत आला असताना माझ्या धाकट्या बहिणीवर, मंगलवर, काळ आला. ती नवापूरला दिलेली. त्यांचा कोंबड्यांचा व्यवसाय आहे. एका संध्याकाळी शेडमध्ये पाणी भरताना तिच्या पायाला काहीतरी टोचलं, काटा टोचावा एवढंच. जेवायला बसली तेव्हा तिच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या आणि जीभ जड झाली. पाहुण्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, वेळ घालवला नाही. तिला गाडीत घालून थेट चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं. मण्यार चावली होती. दुसऱ्या दिवशी मी पोहोचले तेव्हा मंगल यंत्राच्या श्वासावर होती. डोळे मिटलेले, हात-पाय लुळे. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "विषाचा जोर ओसरेपर्यंत श्वास यंत्र चालवील. त्या निपचित दिसतात, पण त्यांना ऐकू येत असणार. तुम्ही जवळ बसून बोलत राहा. माणसाचा आवाज कानावर पडला पाहिजे."

बोलत राहा! मला कोणी दुसरं कोणतंही काम सांगितलं असतं तर मी जीव टाकून केलं असतं. लहानपणी मंगल माझ्या गाण्याशिवाय झोपायची नाही. मी तिच्या कानाशी वाकले, तिचं नाव घेतलं, आणि यंत्राच्या फुसफुशीत माझी खरखर मलाच ऐकू आली नाही. मी पुन्हा पुन्हा बोलले. घसा सोलून निघाला. भेटीची वेळ संपल्यावर बाहेर अंगणात येऊन मी झाडाखालच्या ओट्यावर बसले आणि मनात देवाला म्हटलं, आता तुझ्यापुढे हात जोडायचीसुद्धा माझी इच्छा नाही.

तिथेच मला तो आवाज आला. आधी वाटलं दोन माणसं वाजवताहेत. खाली एक जाड, शांत आवाज, एकेक पाऊल टाकत चाललेला. आणि त्याच्या वर बारीक सुरांचे थेंब. मान वळवून पाहिलं तर एकच बाई होती. केस पांढरे, अंगावर साधी सुती साडी, मांडीवर गिटार. उजव्या हाताचा अंगठा वरच्या जाड तारांवर चालत होता आणि बाकीची बोटं बारीक तारा खुडत होती. घाई नाही, दाखवणं नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना तो अंगठा उडी मारत नव्हता. मधल्या पायऱ्या एकेक करून चढत होता, उतरत होता. मी कधी गिटार जवळून पाहिलीही नव्हती. पण ते ऐकून मला रडू फुटलं.

बाईंनी वाजवणं थांबवलं नाही. तार चालू ठेवूनच विचारलं, "आत कोण आहे तुमचं?"

मी सांगितलं. माझा आवाज ऐकूनही त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. एवढंच विचारलं, "खिडकी कुठली?"

मी बोट दाखवलं. त्या उठल्या, गिटार घेऊन त्या खिडकीखालच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या आणि पुन्हा सुरुवात केली. एक नर्स खिडकीत आली, खाली बघून हसली, आणि खिडकी थोडी जास्त उघडून निघून गेली.

त्यांचं नाव एस्तेरबाई. नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या, राहायला चिंचपाड्यालाच. त्यांचे यजमान पाय मोडून त्याच दवाखान्यात होते. घरी इकडची आदिवासी कोकणी बोलायच्या, माझ्याशी मराठीत. यजमानांना जेवण भरवून झालं की त्या रोज त्या खिडकीखाली येऊन बसायच्या. मी त्यांना या म्हटलं नव्हतं, आणि त्यांनीही मला कधी काही विचारलं नाही. ऊन सरकायचं तशा त्या कट्ट्यावर सरकायच्या, पण खिडकी सोडायच्या नाहीत.

पुढे मंगलची बोटं हलली. मग पापण्या. मग नळी निघाली आणि तिला साध्या वॉर्डात आणलं. औषधाने केलं, यंत्राने केलं, डॉक्टरांनी आणि नर्सबाईंनी जागून केलं, हे मी जाणते. त्यात मला काही मिसळायचं नाही. फक्त ती नीट बोलायला लागल्यावर काय म्हणाली तेवढं सांगते. माझा हात धरून म्हणाली, "ताई, नुसता आंधार व्हता. माले सगळं आयकू ये, पन हालता ये ना. मंग कोनीतरी चाली ऱ्हायनं असं वाटे. जड पायनं मानूस, सावकाश. मी त्यान्हा मांगेमांगे चालत गयी." मग म्हणाली, "माले वाटनं ती तूच शे."

मी नव्हते. पण तिला मी वाटले होते. त्या वाक्याने माझ्या आत काय झालं ते मला आजही धड मांडता येत नाही. एवढं कळलं की आवाज गळ्यातूनच निघावा असा देवाचा काही हट्ट नाही. हट्ट होता तो माझा.

मंगलला घरी सोडायच्या दिवशी मी एस्तेरबाईंना हात जोडले आणि विचारलं, "मला शिकवाल का? वय झालंय माझं." त्या हसल्या आणि स्वतःचे हात माझ्यापुढे धरले. बोटांचे सांधे सुजलेले, एक बोट वाकडं. "मी निवृत्त झाल्यावर शिकले," त्या म्हणाल्या. "आमच्या प्रार्थनेत वाजवणारा मुलगा नोकरीला गेला, मग कोणीतरी शिकायला हवं होतं. रोज थोडं बसायचं. ताई, एका दिवशी पोटभर आणि चार दिवस उपाशी, असं नाही चालत." पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःची पहिली गिटार माझ्या हातात दिली. लाकडावर ओरखडे, एका बाजूला चिकटवलेली फट. देव देतो तेव्हा बहुतेक कोणाच्या तरी घरातलं जुनंच देतो, असं मला तेव्हापासून वाटतं.

मग मी नंदुरबारहून गाडी धरून अधूनमधून चिंचपाड्याला जायला लागले, आणि मधल्या दिवसांत घरी पहाटे बसायचे. पहिले काही आठवडे नुसता छळ होता. डाव्या हाताची बोटं तारांनी कापली जायची आणि त्याच बोटांनी मिरची हाताळायची, म्हणजे डोळ्यांत पाणी. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, "हाई काय नवं याड लागनं माय तुले?" मीही हसायचे. पण एक गोष्ट मला फार लवकर उमगली. एका कॉर्डवरून, म्हणजे एकत्र छेडलेल्या सुरांवरून, दुसऱ्यावर जाताना अंगठा ज्या पायऱ्या चढत होता, त्या माझ्या ओळखीच्या होत्या. सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला, म्हणजे दांडीवरच्या तिसऱ्या पट्टीला, सा धरला, तर खालची तार मोकळी वाजवली की रे, तिच्याच दुसऱ्या पडद्यावर ग, तिसऱ्यावर म. सा, रे, ग, म. आयुष्यभर गळ्याने चढलेला जिना आता अंगठ्याने चढायचा होता. हे मी एस्तेरबाईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या की मलाच म्हणाल्या, "आता हे तुम्ही मला शिकवा." आणि खरोखर वही-पेन काही न घेता, माझ्यापुढे मांडी घालून त्यांनी सरगम तोंडपाठ केली. शिकवणारा माणूस असा असतो, हे मी त्यांच्यात पाहिलं.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. अंगठा एकटा चालायचा, बोटं एकटी चालायची; दोन्ही एकत्र आली की एक थांबायचं. बोटांकडे लक्ष दिलं की अंगठा उभा राही, अंगठ्याकडे वळले की बोटं आकडून जात. हिवाळा तसाच गेला. वाळवणाच्या पथारीवरची मिरची वाळून गाड्या भरून गेली, पण माझा हात काही मोकळा होईना. मी एस्तेरबाईंना म्हटलं, मला हे जमणार नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघांनाही धरून ठेवता. अंगठ्याला सोडा. तो चुकेल, चुकू द्या. बोट राहिलं तर राहू द्या. पण अंगठ्याला रोज त्याच वाटेने न्या आणि एक दिवस त्याला एकट्याला जाऊ द्या."

एका सकाळी चुलीवर दूध ठेवलं होतं आणि मी उंबऱ्याशी वाजवत बसले होते. सगळं लक्ष दुधाकडे. उतू जाईल म्हणून कान तिकडे. दूध वर आलं, मी उठायला निघाले, आणि तेव्हा लक्षात आलं की अंगठा चालतो आहे. सा, रे, ग, म, आणि परत खाली. बोटंही त्याच्यावर पडताहेत, जिथल्या तिथे. मी वाजवत नव्हते. माझ्या हातून वाजत होतं. दूध उतू गेलं. मालक आतून धावत आले. मी तशीच बसलेली, गालांवर पाणी. त्यांनी भांडं उतरवलं आणि शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "आते कसं चांगलं लागी ऱ्हायनं." गुरुवारी देवळात जाताना माझ्या खांद्यावर गिटार होती.

यंदा श्रावणात आमच्या भाऊबंदात कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली. मंगल नवापूरहून आली, एस्तेरबाईंनाही मी आग्रहाने बोलावलं होतं. त्या ओसरीवर बायकांमध्ये बसल्या. संध्याकाळी कानबाई आईची स्थापना झाली, दिवे लागले आणि गाणं कोणीतरी धरायचं होतं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, जुन्या सवयीने. मी मंगलकडे पाहिलं. ती कधी पुढे होऊन गायलेली नव्हती. "तू धर," मी म्हटलं, "मी तुन्हा मांगे शे."

तिने धरलं. सुरुवातीला आवाज कापला, मग जमला. बायकांनी टाळ्यांवर उचललं आणि माझा अंगठा खालून चालू लागला. गाणं भरात आलं असताना माझी सगळ्यात बारीक तार टणकन तुटली आणि हातावर येऊन बसली. पूर्वीची मी असते तर थांबले असते, माफी मागितली असती, नव्याने सुरुवात केली असती. पण अंगठ्याला तार तुटल्याचं कळलंच नव्हतं. तो आपल्या वाटेने चालला होता. बोटांनी जे थेंब टाकायचे ते त्या ओसरीवरच्या बायकांच्या गळ्यांतून पडत होते. मी डोळे मिटले. समोर आई बसली होती, आणि तिच्यापुढे माझं काही कमी पडतंय असं मला त्या घटकेला वाटलं नाही. गाणं संपलं तेव्हा एस्तेरबाई जवळ आल्या, माझ्या हातावरची तुटलेली तार अलगद काढली आणि म्हणाल्या, "ताई, आज तुम्ही मला विसरायला लावलंत की मी शिकवलं होतं."

आवाज परत आला का, असं लोक अजून विचारतात. नाही आला. आता मी त्याची वाटही बघत नाही. एवढी वर्षं मला वाटायचं की भजन माझ्यापासून सुरू होतं. आता ते दुसऱ्या कोणापासून सुरू होतं आणि मी त्याच्या खाली चालते. कोणाच्या पायांखाली वाट व्हावं, एवढं काम मला मिळालं आहे. ज्याने ते दिलं, त्याने कोणाच्या हाताने दिलं, किती जुन्या लाकडातून दिलं, आणि माझं काय काढून घेऊन दिलं, याचा हिशोब मी मांडत नाही. सकाळी उठते, हात जोडते, तारा जुळवते, आणि अंगठ्याला त्याच्या वाटेने जाऊ देते.