न्यूट्रॉनचं काम काय

आमच्या शाळेत परीक्षा असली की टेबलं मी लावते, परीक्षकांचं पाणी मी भरते आणि घंटाही मीच देते. त्या दिवशी हे सगळं उरकलं, निऱ्या सारख्या केल्या आणि विज्ञानाच्या तोंडी परीक्षेच्या रांगेत जाऊन उभी राहिले. पुढची पोरगी मागं वळून म्हणाली, "मावशी, घंटा झाली का?" म्हटलं, झाली, मीच दिली.

राहात्याजवळच्या एका हायस्कुलात मी शिपाई आहे. नववीत असताना माझं लग्न लावलं, तेव्हा सुटलेली शाळा वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा हातात घ्यावी लागली. कारण साधं होतं. गुडघे गेले होते आणि पाण्याच्या कळश्या तिसऱ्या मजल्यावर न्यायच्या होत्या. प्रयोगशाळेतल्या परिचराची जागा रिकामी होणार होती. मोठ्या बाई म्हणाल्या, "दहावी व्हा, विज्ञान घेऊन. पण यंदाच. पुढच्या वर्षापर्यंत जागा राहायची नाही." मी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला.

विज्ञानाचे सर माझ्या भाच्याच्या वयाचे. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता शिकवायचे. अणूच्या मध्ये केंद्रक, त्यात प्रोटॉन, त्यांच्यावर धन प्रभार. बाहेरून फिरणारे इलेक्ट्रॉन, त्यांच्यावर ऋण. आणि केंद्रकातच प्रोटॉनला खेटून न्यूट्रॉन, त्याच्यावर काहीच नाही. "एवढे प्रभार आत असून अख्खा अणू उदासीन असतो," सर म्हणाले. "का, ते कळलं ना?" म्हटलं, कळलं. मला खरंच वाटत होतं की कळलं.

माझं माहेर जामखेडकडच्या एका खेड्यात. तिथं दोन भावांचं वाजलं तर तिसरा माणूस मध्ये बसवतात. तो ना इकडचा ना तिकडचा. तो दोघांचं ऐकतो, मान हलवतो, चहा पितो, आणि भांडण मिटलं की श्रेय त्याचं. सासूसुनेचं वाजलं तर लेकीला बोलावतात. आमच्या घरची लेक मी. आई आणि वहिनी यांच्यात पंधरा वर्षं मीच बसत आले. माझ्या सगळ्या किरकोळ रजा त्यातच गेल्या. त्यामुळे धन आणि ऋण एका घरात नांदतात ते मधल्या न्यूट्रॉनमुळे, हे मला कुणी शिकवायची गरजच वाटली नाही. सरांना विचारलंसुद्धा नाही. उलट त्या न्यूट्रॉनची कीव आली. एवढं सगळं करतो आणि पुस्तकात त्याला अडीच ओळी.

परीक्षा अकरा वाजता होती. नऊ वाजता आईचा फोन आला. वहिनीनं मिक्सरमधली चटणी वाढली, आई म्हणाली ही चटणी नव्हं, वहिनीनं वरवंटाच लपवून ठेवला. आई पिशवी घेऊन मारुतीच्या पारावर जाऊन बसली होती.

"तू आली तरच घरात पाय ठेवीन," ती म्हणाली.

"आई, आज माझी परीक्षा आहे."

"असू दी. मी बसते हितंच. उन्हात."

जामखेडला जायचं तर नगरला गाडी बदलून चार-पाच तास. गेले तर जागा गेली. नाही गेले तर आई उन्हात. मी फोन बंद करून कपाटात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच तसं केलं.

परीक्षक बाहेरगावचे, चष्मा कपाळावर. मीच भरून ठेवलेलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "अणू उदासीन का असतो?"

मी म्हटलं, "न्यूट्रॉनमुळे, साहेब."

"बरं. हायड्रोजनच्या अणूत न्यूट्रॉन किती?"

ते पाठ होतं. "साध्या हायड्रोजनमध्ये एकही नाही."

"मग तो उदासीन कसा?"

कोपऱ्यात आमचे सर खाली मान घालून बसले होते. मी बोटावर मोजलं. प्रोटॉन एक, इलेक्ट्रॉन एक. मध्ये कुणीच नाही.

"एकाचा जेवढा धन, तेवढाच दुसऱ्याचा ऋण," मी हळूहळू म्हटलं. "दोघांची बेरीज शून्य. प्रभार जात नाहीत, आतच असतात, फक्त बाहेर जाणवत नाहीत."

"आणि इलेक्ट्रॉन एखादा कमी पडला तर?"

"मग धन जास्त. तो बाहेरचा इलेक्ट्रॉन ओढतो, बरोबरी होईपर्यंत."

"मग यात न्यूट्रॉनचं काम काय?"

"प्रभाराच्या बाबतीत काही नाही, साहेब," मी म्हटलं. हे बोलताना मला का कोण जाणे राग आला होता.

बाहेर येऊन कपाटातला फोन काढून लावला. आई उचलेना, वहिनी उचलेना, भाऊ रानात. जीव थाऱ्यावर नव्हता. मिळाली ती गाडी पकडली, नगरला बदलली, दिवस मावळता मावळता घरी पोचले. अंगणात आई आणि वहिनी एकाच सुपावर तुरी निवडत बसल्या होत्या. वरवंटा पाट्यावर होता.

आई म्हणाली, "येवढ्या लांबून कशाला आली गं?"

मी म्हटलं, "तू पारावर होतीस ना?"

"व्हय, हुते. ही च्या घिऊन आली. मग आले घरी." आणि परत तुरी निवडायला लागली.

वहिनी माझ्या मागून चुलीपाशी आली. आवाज खाली करून म्हणाली, "ताई, राग मानू नका. तुमी न्हाई आल्या की आमचं दोन तासात मिटतं. तुमी आल्या की चार दिस चालतं. आईंना तुमाला सांगायचं असतं, आन मग मलाबी सांगायचं असतं."

मला वाईट वाटलं. लई वाईट वाटलं, उगाच लपवून काय करू. चूल धुरावली होती, डोळ्यातलं पाणी तिच्यावर ढकलून दिलं. पंधरा वर्षांच्या रजा डोळ्यासमोरून गेल्या. मग जेवले. चटणी पाट्यावरची होती आणि वहिनीनंच वाटली होती.

मी पास झाले. जागा मिळाली. आता प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असते आणि कळश्या दुसरं कुणीतरी वर नेतं. आई रोज फोन करते, वहिनीनं काय काय केलं ते सांगते. मी हूं म्हणते, जेवलीस का विचारते. मी मध्ये पडत नाही आणि त्यांचं बरं चाललंय. त्या दिवसापासून ती एकदाही "ये" म्हणालेली नाही. फोन ठेवताना मी अजून थोडी थांबते.