जांभळीच्या खाचराचा भात

इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात एक हॉटेल आहे. तिथं जेवायचं तर महिनाभर आधी टेबल सांगून ठेवावं लागतं. तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याची तोंड भरून तारीफ केलेली. त्या हॉटेलच्या तळघरात माझा सख्खा चुलता भात शिजवतो. आम्ही त्याला नाना म्हणतो. मुळशीच्या धरणाच्या पाण्यात आमचं शेत गेलं तेव्हा तो मिसरूड न फुटलेला पोरगा होता. मुंबईला जाऊन बोटीवर भांडी घासायला लागला, तिथंच स्वयंपाक शिकला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या शहरात उतरून राहिला.

मी बावीस वर्षांचा असताना नाना पहिल्यांदा सुटीवर मुळशीला आला. येताना त्या हॉटेलातलं पदार्थांचं कार्ड घेऊन आला होता. जाड कागद, सोनेरी कड. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, म्हणून त्यानं ते कौतुकानं माझ्या हातात दिलं. तिसऱ्या ओळीला मी थांबलो. तिथं लिहिलं होतं, ‘मुळशी खोऱ्यातल्या जांभळीच्या खाचराचा भात.’

जांभळीचं खाचर आमचं. आंबेमोहराचं. माझ्या जन्माआधीच पाण्याखाली गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचा बांध तेवढा दिसतो, मेलेल्या जनावराच्या फासळीसारखा. त्या पाण्याच्या विजेवर मुंबई लखलखते आणि आमच्या घरात रॉकेलची चिमणी. आम्ही वर डोंगराच्या अंगाला नाचणी काढतो, आणि भात सणाला, तोही पौडच्या बाजारातून आणलेला. आणि ज्यांनी कधी चिखलात पाय घातला नाही ते गोरे लोक पांढऱ्या चादरीच्या टेबलावर बसून आमच्या बुडालेल्या खाचराचं नाव चवीनं खाणार! माझं डोकं फिरलं.

तेव्हा मी पत्रकं लिहायचो. सभा असो, मोर्चा असो, मजकूर माझा. रात उलटायच्या आत पत्रक तयार झालं: ‘आधी जमीन घेतली, आता नावही चोरलं.’ हॉटेलच्या मालकाला त्यात चोर म्हटलं होतं, भोंदू म्हटलं होतं. पुण्यातल्या छापखान्यात खिळे जुळवून झाले. त्याचं इंग्रजी करून तिथल्या वर्तमानपत्राला पाठवायचंही मी ठरवलं होतं.

कच्चा छाप घेऊन घरी आलो आणि नानाला नि आईला वाचून दाखवला. मला वाटलं, नाना पाठ थोपटेल.

“मालकानं चोरलं न्हाई,” तो म्हणाला. “मीच सांगितलं.”

“काय सांगितलंत?”

“पेपरवाला एक जेवाय आला व्हता. त्येनं इचारलं, भात कुटला? मला वर बोलावलं. बारा वर्सात मी त्या दिवानखान्यात पाय ठिवला नव्हता. मी म्हनलं, जांभळीच्या खाचराचा.”

“आणि होता कुठला?”

“बंदरावरच्या गोदामातला. पोत्यातला. कुटला कुनाला ठावं.”

“म्हणजे तुम्ही खोटं बोललात. बुडालेल्या खाचराचं पीक विकलंत साहेबाला.”

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, “पावण्यानं भात कुटला म्हून इचारलं तर काय सांगायचं? पोत्यातला?”

इथं आमच्याकडची रीत सांगायला हवी. पाहुणा पहिला घास घेऊन विचारतो, कुठल्या खाचरातला? आणि घरधनी खाचराचं नाव सांगतो. नाव सांगता आलं नाही तर ते घर विकतचं खातं, असा अर्थ होतो. बाजारातला भात वाढतानाही आई जुनं नाव सांगते, हे मी लहानपणापासून ऐकत आलेलो. मला त्यात कधी खोटं दिसलं नव्हतं.

“हे छापून तिकडं गेलं तर?” मी विचारलं.

“तर मालक मला काढंल,” नाना म्हणाला. “ह्या वयात बोटीवर कोन घेतंय मला?”

“मग तोंड मिटून बसायचं? धरणवाल्यांचं आयतंच फावलं.”

“लेका, धरनावर लिव्ह की. कोन नगं म्हनतंय? पर तेवढं नाव ऱ्हाऊ दे. सातबाऱ्यावर न्हाई, नकाशात न्हाई. ह्या कागदावर तरी हाय.”

मला त्याचा राग आला. आजही येतो. आमच्या खाचराला जगात उरलेली जागा म्हणजे परक्यांच्या जेवणाचं कार्ड, आणि त्यावर माझ्या चुलत्यानं समाधान मानायचं. पण दुसऱ्या दिवशी पुण्याला गेलो आणि पत्रक न छापता जुळवलेले खिळे सोडायला सांगितले. खिळे जुळवणारा जुळारी म्हणाला, “तुमचा मजकूर वाढताना बघितलाय, साहेब. उतरताना आज बघतोय.”

नाना निघायच्या दिवशी पेटी बांधता बांधता आईला म्हणाला, “वैनी, मालक नवं कार्ड छापतोय. गोड भातालाबी नाव इचारत व्हता.”

“देऊ नकोस,” मी आईला म्हणालो. “एक दिलंय तेवढं पुरे झालं.”

आईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिच्या माहेरची जमीनही त्याच पाण्यात गेलेली. ती म्हणाली, “वडाखालचं सांगा, भाऊजी. त्येचा भात मूळचाच गोड व्हता.”

नानानं खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढून माझ्यापुढे धरला. “तूच लिव्ह. मी सांगतो आन् ते भलतंच छापत्यात.”

मी लिहिलं. इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं, मोठं. इतकं दाबून लिहिलं की टोक मोडलं. पेन्सिल दातानं सोलली आणि नाव पुरं केलं.