तिसरा पुकारा

सरकारी दवाखान्याच्या वॉर्डाचं छत पडलं, त्यात माझी बायको गेली. त्याची चौकशी बीडला चालते. तिथल्या पुकारा देणाऱ्या शिपायाचं नाव मी कधी विचारलं नाही. आधी तो खाकरतो. पहिला पुकारा खणखणीत, दुसरा त्याहून मोठा, तिसरा मात्र पडेल आवाजात. तिसऱ्यालाही कुणी उठलं नाही, तर तक्रार बंद होते. धापा टाकत येणाऱ्याला तो म्हणतो, "कावून उशीर, मामा? वडवणीहून चालत आलाव का?"

काल त्यानं माझ्या बायकोचं नाव पुकारलं. छत गळतंय अशी तक्रार तिनं खाटेवरूनच केली होती. दोन पुकारे झाले. मला उठता येईना. तो तिसरा देईना.

"पुकार की," चौकशी घेणारे साहेब म्हणाले.

"न्हाई साहेब. त्या बाई त्याच छताखाली गेल्या. त्यांचे मालक बसलेत, त्यांना इचारा."

मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "उठा सर. त्यांच्या जागी तुमी हजर म्हणा."

मी उठून 'हजर' म्हणालो, आणि ती नाही हे पहिल्यांदाच चारचौघांत बोलून गेलो.