गावंडे भाऊंनी काशीला काय सोडले

महादेवराव गावंडे गप्प झाले, की ते काहीतरी खात आहेत असे समजावे. एरवी ते बोलत असत. शेतात मोजणीची साखळी ओढताना बोलत, नकाशावर शाई फिरवताना बोलत. साहेब समोर असला तर साहेबाशी आणि नसला तर साहेबाच्या खुर्चीशी बोलत. १९५६ साली मी अमरावतीच्या मोजणी कचेरीत लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी वीस मिनिटांत मला सगळ्या कचेरीची माहिती दिली. त्यातली निम्मी पुढे खरी निघाली.

ते मोजणीदार. मी त्यांनी आणलेल्या मापांवरून जमिनीचे क्षेत्र काढणारा कारकून, वयाने अकरा वर्षांनी लहान. माझे नाव त्यांनी कधी घेतले नाही. "काय बे क्षेत्रफळ" हीच हाक. मी त्यांना भाऊ म्हणे. सगळेच म्हणत.

भाऊंना मासे फार प्रिय. अनसूयावहिनी मात्र माळकरी. त्यामुळे मागच्या अंगणात भाऊंची वेगळी चूल, वेगळी कढई आणि वेगळे ताट असे. जेवण झाल्यावर विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय त्यांना घरात घेतले जात नसे. थंडीच्या दिवसांत त्यांचे मासे खाणे कमी होई, त्याचे कारण एवढेच. "आमच्या घरात दोन चुली," ते म्हणत, "अन मधात हद्दीचा दगड म्हणून मी."

१९५९ च्या उन्हाळ्यात भाऊ आणि वहिनी, दोघांचे काशीला जायचे ठरले. काशीला गेलेल्या माणसाने आपल्या आवडीचा एक पदार्थ तिथे जन्मभरासाठी सोडून यायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. बहुतेक लोक कारले सोडतात. आमच्या हेडक्लार्कांनी शेपू सोडला होता आणि त्यांना तो मुळातच आवडत नसे. वहिनींना हे सगळे ठाऊक होते. मी एकदा घरी गेलो असताना त्यांनी भाऊंच्या देखत मलाच सांगितले.

"समजावून सांगा भाऊजी तुमच्या दोस्ताले. जे सगळ्यात जास्त आवडते तेच सोडा लागते. यायनं तिथं कारलं सोडलं, तर मी यायच्यावर जन्मात विश्वास ठेवणार नाई."

भाऊ हसले, पण बाहेर रस्त्यावर आल्यावर सायकल हातात धरून थांबले.

"इले खरंच वाटते बे, का मी देवाले फसवीन."

"मग सोडून द्या ना मासे."

"मासे म्हणजे काय? शंभर प्रकारचे असतात. सगळ्यात जास्त कोणतं आवडते हे मलेच ठाऊक नाई. अन अंदाजानं शेताच्या हद्दीचा धुरा पडत नसते. जागेवर जाऊन मोजा लागते."

मोजणीदाराला दुसरे काही सुचणार नव्हते. पुढच्याच रविवारी सकाळी सहाच्या एसटीने आम्ही कौंडण्यपूरला निघालो. चैत्रात वर्धा नदीचे पाणी आटून एका काठाला जाते. उघड्या पडलेल्या रेतीत भोई लोक टरबूज-खरबुजाच्या डांगरवाड्या लावतात आणि तिथेच झोपड्या टाकून राहतात. ओळखीचा माणूस आला की पकडलेले ताजे तळून देतात. अर्ध्या मैलात अशा तीन झोपड्या भाऊंच्या ओळखीच्या होत्या.

मोजायचे कसे, हा प्रश्न मी बसमध्येच सोडवला होता. भाऊ जितका वेळ गप्प राहतील तितकी आवड. माझ्या घड्याळाला सेकंदकाटा होता. भाऊंनी ही पद्धत ऐकली आणि ते तिच्यावर तिवशापर्यंत बोलत राहिले.

पहिल्या झोपडीत मरळ होती, तिखटमीठ लावून जवसाच्या तेलात तळलेली. माझी खात्री होती की हीच जिंकणार, कारण अंगणातल्या कढईत वर्षभर तीच असे. भाऊ पंचेचाळीस सेकंद गप्प राहिले. मग मिठाबद्दल बोलू लागले. दुसऱ्या झोपडीत वाम मिळाली. एक मिनिट वीस सेकंद. "हे बरी हाये," ते म्हणाले, आणि वाम पकडावी कशी हे त्या भोयालाच समजावून सांगू लागले.

तिसरी झोपडी गिरजाबाईची. तिचा नवरा गुडघाभर पाण्यात उभा राहून पायाच्या बोटांनी रेती चाचपत होता. बोटांना काही लागले की वाकून तो शिंपली काढी. गिरजाबाईने शिंपल्या उकडून आतले मांस काढले, ज्वारीच्या पिठात आणि तिखटात घोळवले आणि कढईत सोडले. पळसाच्या पानावर पंधरा-वीस तुकडे आले. मी घड्याळ पाहिले.

एक मिनिट झाले, दोन झाली. मी स्वतःही खात होतो आणि मला त्या चिवट पण बऱ्या वाटल्या. भाऊ नदीकडे पाहत एकेक तुकडा तोंडात टाकत होते. तिसऱ्या मिनिटाला गिरजाबाई घाबरली.

"यायले काई झालं काय जी? बोलून नाई राहिले."

"बोलू नका. मोजणी चालू आहे," मी म्हणालो.

"खान्याची मोजणी? अमरावतीचे लोक लयच रिकामे दिसून राहिले!"

चार मिनिटे दहा सेकंद. मग भाऊ म्हणाले, "हेच."

परतीच्या बसमध्ये ते अस्वस्थ होते. थोड्या वेळाने म्हणाले, "क्षेत्रफळ, मरळ मी बाराई महिने खातो. शिंपल्या चैत्र-वैशाखातच भेटतात. मंग मरळ सोडली, तर जास्त सोडल्यासारखं नाई होणार काय?"

मी वर्षातले खाण्याचे दिवस मोजून पाहिले. त्या हिशेबाने त्यांचे म्हणणे बरोबर होते आणि मी तसे सांगितले. दोन गावे जाईपर्यंत ते खुशीत होते. मग एकदम म्हणाले, "नाई बे. जे आलं ते आलं. माप आपल्या सोयीनं फिरवलं तर मंग तो मोजणीदार कायचा?"

काशीला गंगेत उभे राहून त्यांनी शिंपल्या सोडल्या.

घोटाळा झाला तो इथे. वहिनींनी जन्मात शिंपली खाण्याची गोष्ट ऐकली नव्हती. त्यांना वाटले, भाऊंनी कोणी खात नाही असे काहीतरी शोधून काढले. परत आल्यावर अंगणात मरळ तळताना पाहून तर त्यांची खात्रीच झाली. "लोकं कारलं सोडतात. यायनं नदीतला गोटा सोडला," असे त्या आल्यागेल्याला सांगत. मी साक्ष द्यायला गेलो, तर म्हणाल्या, "तुमी त्यायचेच दोस्त!" भाऊ या विषयावर काही बोलत नसत. दर चैत्रात मी नदीवर चलायचे विचारी आणि ते काही ना काही काम काढीत. वहिनींनी मात्र त्यांच्या कोणत्याही शब्दावर "खरं की काशीवालं?" असे विचारायची सवय लावून घेतली. सगळे हसत. भाऊही हसत, पण जरा उशिरा.

सात वर्षांनी भाऊ अकोल्याला होते. माझीही बदली तिथे झालेली. चैत्रात त्यांनी अंथरूण धरले. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितले, की आता पथ्य नाही, मागतील ते द्या. भाऊ काहीच मागत नव्हते. मी पूर्णेकाठच्या भोयांकडे गेलो, गिरजाबाईसारख्याच शिंपल्या तळून घेतल्या आणि डबा घेऊन आलो. बसला पाऊण तास लागला.

डबा उघडल्याबरोबर भाऊंनी डोळे उघडले. बराच वेळ ते वासच घेत होते.

"खाऊन घ्या," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टरनं सूट देल्ली. मी पण देतो."

"तू कोण सूट देणार? तुले थोडंच वचन देल्लं व्हतं." त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "तू खाय बे. अन मले सांग कशा हायेत."

मी एक तुकडा खाल्ला. तो वातड झाला होता. आयुष्यात मी आकडा कधी खोटा लिहिला नाही, पण त्या वेळी म्हणालो, "मस्त. कुरकुरीत आहेत."

"झूट. आवाज नाई आला."

वहिनी डब्याकडे पाहत होत्या, मग भाऊंकडे पाहू लागल्या. सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी "खरं की काशीवालं?" असे विचारले नाही. डबा उचलून त्या आत गेल्या. मला वाटले, इथेही भाऊंची वेगळी चूल अंगणात होती, तिकडे जातील. पण भांड्यांचा आवाज स्वयंपाकघरातून आला. थोड्या वेळाने तेलाचा वास आला आणि त्या नाकाला पदर लावून, हातात झारा घेऊन दारात उभ्या राहिल्या. घरातलीच कढई, घरातलीच चूल. मग त्यांनी ताटली आणून माझ्यासमोर ठेवली. मी तुकडा चावला आणि त्याचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू गेला.

भाऊंनी डोळे मिटले. "हां," ते म्हणाले.

अकरा दिवसांनी ते गेले. पण शिंपल्या तळल्या त्या दुपारी वहिनींनी दारातूनच विचारले होते, "अजून तळू काय?" मला नव्हे, त्यांना.

"तळ," भाऊ म्हणाले.