पाहुण्यांचा साबण

बेसिनवर चंदनाच्या साबणाची नवीकोरी वडी होती आणि शिलाईच्या बायका ती आळीपाळीने नाकाशी नेत होत्या. आमच्या कारखान्यात आज परदेशी कंपनीची माणसं आली होती. आम्ही शिवलेले शर्ट तीच विकत घेतात. त्यांच्यासाठी सकाळीच गेटवर रांगोळी काढली, एरवी बंद असलेले पंखे लावले, पाण्याचा कूलर घासला.

लहानपणी आमच्या घरी शिरा व्हायचा तो पाहुणे आले की. आम्ही भावंडं दारात उभी राहून कुणाच्याही येण्याची वाट बघायचो. पाहुण्यांवर आमची माया होती असं नाही. त्यांच्या निमित्ताने आमच्याही ताटलीत चमचाभर पडायचा, एवढंच. पण आईच्या डब्यात तेव्हा तूपच नसायचं. इथे परदेशातून ऑर्डरी वाढताहेत, मागे नवी शेड उभी राहतेय, तरी साबण पाहुण्यांचाच.

संध्याकाळी त्यांच्या गाड्या गेल्या. मॅनेजरांनी सांगितलं म्हणून ऑफिसातून मी वडी उचलायला गेलो. कॉलर बसवणाऱ्या लताबाई हात धूत होत्या. मला बघताच त्यांनी घाईघाईने वडीवरचा फेस धुतला, ती पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली.

"साहेब, पाहुणे परत कधी यायचेत हो?"

"बघू," म्हणालो आणि वडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

घरी हात धुऊन जेवायला बसलो. पहिला घास तोंडाशी नेला, तर बोटांना अजून चंदनाचा वास येत होता.