मूडी : वाक्यात उपयोग करा

एका मुलीला मी एक शब्द चिकटवला. भर वर्गात, फळ्यावर, खडूने. त्या शब्दाने तिचं काय केलं ते मला निवृत्त झाल्यावर कळलं, आणि तेव्हापासून चार लोकांत ‘मी हाडाचा शिक्षक’ म्हणायची माझी सवय मोडली आहे.

मी मूळचा साताऱ्याकडचा. वसईच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला आलो आणि इथेच फ्लॅट घेऊन राहिलो. शिकवताना माझी एक खोड होती. शब्दाचा अर्थ नुसता सांगायचा नाही, वर्गातलं जितंजागतं उदाहरण द्यायचं. ‘टॉल’ म्हटलं की मागच्या बाकावरच्या लंबूला उभं करायचं, ‘टॉकेटिव्ह’ म्हटलं की खिडकीजवळच्या बडबड्या दोघींकडे बोट दाखवायचं. पोरं खूश, मीही खूश. गाईडमधली वाक्यं घोकून घेणाऱ्या सहकाऱ्यांची मी स्टाफरूममध्ये यथेच्छ टिंगल करायचो.

आठवीचा वर्ग होता. विशेषणांची यादी चालली होती आणि त्यात ‘मूडी’ आला. एकाने अर्थ सांगितला, चांगल्या मूडमध्ये असलेला. मी म्हटलं, अरे, चांगल्या मूडमधल्या माणसाला कोण मूडी म्हणतंय? ज्याचा मूड कधी फिरेल याचा नेम नाही, तो मूडी. मराठीत लहरी म्हणा हवं तर. पण लहरी म्हणताना आपण थोडं कौतुकही करतो. मूडी म्हणताना आपल्याला त्या माणसाचा त्रास झालेला असतो. इथवर सगळं ठीक होतं. इथेच थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण उदाहरण दिल्याशिवाय मला चैन कुठलं पडायला!

तिसऱ्या बाकावर जवळच्याच सांडोर गावची एक मुलगी बसायची. घरची वाडी, केळी आणि भाजीपाल्याची. डोक्याने तल्लख. एखाद्या दिवशी माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचा हात वर, आणि दुसऱ्या दिवशी बाकावर डोकं ठेवून गप्प. काही विचारलं तर, “मला नाही माहीत,” एवढंच, तेही तुटकपणे. त्या दिवशी धडा वाचायला सांगितला होता तर नुसती उभी राहिली होती. युनिफॉर्मवर तपकिरी डाग होते, त्यावरूनही मी तिला बोललो होतो. केळीच्या चिकाचा डाग कितीही धुतला तरी जात नाही, हे इथे इतकी वर्षं राहूनही मला ठाऊक नव्हतं.

मी फळ्यावर तिचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, ‘इज अ मूडी गर्ल.’

“काल कशी बोलत होती? आणि आज बघा!” मी म्हटलं. सगळा वर्ग हसला. ती फळ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, शब्द आता जन्मात कोणी विसरणार नाही. ते मात्र खरं ठरलं.

घरी करायला पाच विशेषणं दिली होती, ‘वाक्यात उपयोग करा.’ वह्यांचा गठ्ठा आला. पोरांनी डोकं चालवायचे कष्ट घेतले नव्हते. वहीमागून वही, ‘मूडी’समोर तेच वाक्य, तिच्याच नावाचं. मी चहा पीत पीत लाल पेनने प्रत्येकाला बरोबरची खूण करत गेलो. चूक काढावी असं त्यात काही नव्हतंच.

पुढे तो शब्द तिच्यामागे लागला. मुलं मधल्या सुट्टीत म्हणत, खेळांचे सर म्हणत, मी तर म्हणतच असे. पालकसभेला तिचे वडील एकटेच आले. वाडीवरून थेट आले होते, पँटच्या घडीला माती होती. मी सांगितलं, “मुलगी हुशार आहे, पण मूडी आहे जरा.” बाप वाद घालेल असं वाटलं होतं. त्यांनी पटकन मान हलवली. “हो सर, आहे ती तशीच.” आणि मी आणखी काही विचारण्याआधी निघूनही गेले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. मला वाटलं, माझ्या निदानाचं समाधान असेल.

मी वर्गात येताना मुलं दारातूनच माझा चेहरा निरखायची, “आज सरांचा मूड कसाय?” असं एकमेकांना विचारायची. मीही घरचा राग खडूवर काढलेला आहे. पण मला कोणी मूडी म्हटलं नाही. मी कडक होतो. हा शब्द आपण आपल्याहून लहान माणसालाच लावतो, हे इतकी वर्षं शिकवून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरात मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो. यंत्रावर अंगठा ठेवायचा असतो. माझा अंगठा काही यंत्राला पटेना. काउंटरमागची बाई म्हणाली, “खडूने झिजलाय, सर. ओळखलंत का मला?” चेहरा ओळखीचा, तिसरा बाक ओळखीचा, नाव मात्र काही केल्या आठवेना. आणि तोंडातून निघून गेलं, “अगं, तू ती मूडी ना!”

शेजारच्या काउंटरवरचा मुलगा हसला. तीही हसली. तेवढ्यात सर्व्हर बंद पडला. तिने मला समोरच्या खुर्चीत बसवलं.

“तो शब्द तुम्ही दिलात ते एका अर्थी बरं झालं, सर,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. “आईला फिट यायची. सकाळीच, भाजीच्या जुड्या बांधताना. तिला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली हात धरायचा आणि थांबायचं. मग राहिलेल्या जुड्या मी बांधायची, केळीचे घड उचलायची आणि तशीच शाळेत. ताईचं लग्न ठरायचं होतं ना. पप्पांनी सांगितलेलं, बाहेर एक शब्द नाही काढायचा, घरात फिट आहे कळलं तर कोणी येणार नाही. त्याआधी मैत्रिणी विचारायच्या, काय झालं गं, रडलीस का? मला टेन्शन यायचं, काय सांगू. तुम्ही मूडी म्हटल्यावर त्यांनी विचारणंच बंद केलं. पप्पा तर खूश होते.”

मला त्यांची हललेली मान आठवली.

“आणि तुला?” मी विचारलं. “तुला कसं वाटलं?”

तिने कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसली. “मला वाटायचं, तुम्ही तरी विचाराल. सर आहेत, एकदा बाजूला घेऊन विचारतील. मी सांगितलं नसतं बहुतेक. पण वाट बघायची.”

“आई कशी आहे आता?”

“गेली, सर. ताईच्या लग्नानंतर दोन वर्षांनी.”

सर्व्हर सुरू झाला. तिने माझा अंगठा पुसला आणि यंत्रावर ठेवला. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी म्हटलं, “त्या सगळ्या वह्यांत तुझं नाव होतं. मी ते कसं चालवून घेतलं, कोण जाणे.”

“माझ्या वहीत नव्हतं,” ती म्हणाली. “मी ‘आय अॅम अ मूडी गर्ल’ लिहिलेलं. नाव नाही टाकलं. तुम्हाला कळेल म्हणून.”

मला ती वही आठवेना. “मग? मी काय केलं?”

“बरोबरची खूण. आणि खाली ‘व्हेरी गुड’.”

मी माफी मागायला तोंड उघडलं.

“अंगठा हलवू नका, सर,” ती हळूच म्हणाली, आणि तिने तो दाबून धरला.